चौरस फुटाचा दर कुठे सुरू होतो, कुठे संपतो

गावात कोणी घर बांधायला काढले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : चौरस फुटाला किती पडला? उत्तरही लगेच मिळते. एकजण दोन हजार सांगतो, दुसरा तीन हजार, आणि दोघेही खरे बोलत असतात. एकाच्या दरात खिडक्या, रंग, सेप्टिक टाकी सगळे धरलेले असते. दुसऱ्याचा दर जोत्यापासून स्लॅबपर्यंतचाच असतो आणि पुढचे पैसे बायकोचे दागिने गहाण टाकून आलेले असतात, म्हणून ते त्याच्या हिशेबात दिसत नाहीत.

घरची आणि शेजारची मिळून चार-पाच बांधकामे मी जवळून पाहिली. सगळी गोव्यातल्या डिचोली आणि फोंडा तालुक्यांतल्या गावांत, सगळी लहान. हिशेबाची वही बहुतेक वेळा माझ्याकडे असायची, कारण गवंड्याशी वाद घालायला दुसऱ्या कोणाला सवड नसे. त्या वह्यांतून एवढेच कळले की चौरस फुटाचा दर म्हणजे खर्चाचा मधला तुकडा. घर महाग होते ते त्याच्या आधी आणि नंतर.

एक उदाहरण धरून चालू. ८ मीटर रुंद, १० मीटर लांब, एकमजली घर. जोत्यावर ८० चौरस मीटर, म्हणजे ८६१ चौरस फूट. दोन खोल्या, बैठक, स्वयंपाकघर, न्हाणी-संडास, पुढे बसायला छोटा सोपा. गोव्यात जमीन चौरस मीटरने मोजतात आणि बांधकाम चौरस फुटाने. एका चौरस मीटरचे १०.७६ चौरस फूट होतात, हे पाठ असलेले बरे. दर समजा २,४०० रुपये. हा आकडा फक्त गणितासाठी आहे, तुमच्या गवंड्याचा जो असेल तो घाला. ८६१ गुणिले २,४०० म्हणजे २० लाख ६६ हजार.

आता गवंड्याला विचारा, फूट कुठले मोजणार? जोत्याचे की स्लॅबचे? आपल्याकडे पाऊस तिरपा येतो, म्हणून स्लॅब भिंतीच्या बाहेर दोनेक फूट काढतात. चारही बाजूंनी ६० सेंटिमीटर बाहेर काढला तर स्लॅब होतो ९.२ बाय ११.२, म्हणजे १०३ चौरस मीटर. तोच दर, तेच घर, पण मोजणी स्लॅबची : २६ लाख ६० हजारांच्या वर. सहा लाखांचा फरक एका शब्दावर. दर कमी सांगून स्लॅबवर मोजणारा ठेकेदार दर जास्त सांगून जोत्यावर मोजणाऱ्यापेक्षा महाग पडू शकतो, आणि पडतोही.

पण हे सगळे पुढचे. आधी जमीन.

एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा, गोव्यातला सातबाराच) हातात आला म्हणजे जमीन आपली, असा आपल्याकडे एक भाबडा समज आहे. उताऱ्यावर कब्जेदाराचे नाव असते, कुळाचा रकाना असतो, इतर हक्कांचा असतो. तो हक्काचा प्रथमदर्शनी पुरावा खरा, पण मालकी ठरते विक्रीखतावरून, पोर्तुगीज काळातल्या नोंदींवरून, वारसांच्या कागदांवरून. गोव्याच्या नागरी कायद्यात सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, तेव्हा विकणाऱ्याच्या बायकोची सही लागते. पाच भावांची जमीन असेल तर पाच भावजयांच्याही लागतात, मग त्यातली एक मुंबईत असो नाहीतर लिस्बनमध्ये. वाटण्या झाल्या नसतील तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कार्यवाही, करून घ्यावी लागते. त्यासाठी २०१२चा स्वतंत्र कायदा आहे. वकिलाचा हा खर्च सोडून दिलेले घर मी पाहिले आहे : जोते झाले, जांभ्याचे चिरे चढले आणि चुलतभावाने मनाईहुकूम आणला. त्या जोत्यावर आता केळी आहेत.

मग जमीन स्वस्त का आहे ते पाहायचे. भाताची शेते स्वस्त मिळतात ती उगाच नाही. २०२३च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी आली. त्याआधीच, १९९१च्या जमीन वापर कायद्याने, कुळ कायद्याखाली कुळाच्या नावावर आलेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. कोमुनिदादीची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची, जमीन हा आणखी वेगळा प्रांत. तिथे जुनी घरे नियमित करण्यासाठी कायदे झाले म्हणून नवे घर बांधायला कोणी सांगत असेल तर त्याच्या हातचा चहाही पिऊ नका. डोंगराचा उतार कापायला किंवा सखल जागा भरायला नगर नियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली आधी परवानगी लागते. समुद्र, नदी किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) रेषा कुठून जाते हे आधी, बाकी सगळे नंतर.

ज्यांच्या घराला मुंडकारीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहण्याचा, इतिहास आहे त्यांची गोष्ट निराळी. आमच्या वाड्यावरची निम्मी घरे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात, म्हणजे बागायतीत, उभी आहेत. १९७५च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराची आणि भोवतालच्या जागेची खरेदी करता येते, कायद्यातल्या मर्यादेपर्यंत. जुने मातीचे घर पाडून नवे बांधायचे असेल तर मामलेदाराकडे हे प्रकरण आधी पुरे करून घ्यावे. घर पाडल्यावर 'इथे घर होते' हे सिद्ध करणे किती जड जाते ते ज्याने केले आहे त्यालाच विचारा.

जागा सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीच्या विभागात, येते का, हे २०२१च्या प्रादेशिक आराखड्यावरून ठरते, आणि त्याचा दाखला नगर नियोजन खात्याच्या तालुका कार्यालयात मिळतो. गावांचे त्यात दोन गट आहेत. एकात चटई क्षेत्र ८० टक्के, दुसऱ्यात ६०. म्हणजे २५० चौरस मीटरच्या भूखंडावर दुसऱ्या गटातल्या गावात सगळे मजले मिळून १५० चौरस मीटर बांधता येते. लहान घराला ते पुरते. अडचण होते ती भूखंडाच्या आकाराची. आपले ८ बाय १०चे घर घ्या आणि चारही बाजूंनी ३ मीटर मोकळे सोडा. १४ बाय १६ झाले, २२४ चौरस मीटर. तेवढेच क्षेत्र ८ बाय २८च्या पट्टीत मिळाले तर दोन्ही बाजू सोडून घराला उरते दोन मीटर रुंदी. रस्त्याकडे किती सोडायचे ते रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते, म्हणून विकत घेण्याआधी आर्किटेक्टला जागेवर नेऊन त्याच्याकडून कागदावर चौकोन काढून घ्यावा. त्याची त्या दिवसाची फी ही सगळ्या बांधकामातली सर्वांत कामी येणारी फी.

भूखंड बिगरशेती नसेल तर सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी. जमीन महसूल कायदा १९६८, कलम ३२, अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे. रूपांतराचे शुल्क चौरस मीटरवर लागते, म्हणून मोठ्या भाटातल्या कोपऱ्यावर घर बांधायचे असेल तर सगळ्या भाटाची सनद काढायची गरज नसते. त्यानंतर नगर नियोजन खात्याचा तांत्रिक आदेश, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, मग पंचायतीचा बांधकाम परवाना. या वाटेवर तीन प्रकारचे पैसे जातात. सरकारी शुल्क, ज्यात पायाभूत सुविधा करही आला. आर्किटेक्ट आणि इंजिनीअरची फी. आणि बांधकाम मजूर कल्याण उपकर, बांधकाम खर्चाच्या १ टक्का. १९९६च्या केंद्राच्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराचा खर्च १० लाखांच्या आत असेल तर तो लागत नसे; नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा ५० लाखांची झाली. जुन्या मर्यादेने आपल्या उदाहरणात तो वीस हजारांच्या वर गेला असता. चौथ्या प्रकारचेही पैसे जातात असे लोक सांगतात. त्यांचा हिशेब माझ्या वहीत नाही.

कागदांना पैशांपेक्षा महिने जास्त लागतात, आणि महिन्यांनाही किंमत असते. मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. म्हणजे मातीतले काम करायला आपल्याला सात-आठ महिने मिळतात. परवाना फेब्रुवारीत हातात आला तर पाया मार्चमध्ये, भिंती एप्रिल-मेमध्ये आणि स्लॅबच्या आधी पाऊस. मग सळ्या गंजतात, सेंट्रिंगच्या फळ्या भाड्याने पडून राहतात, गोदामातल्या सिमेंटच्या पिशव्या दगड होतात आणि मजुरांची टोळी गावी जाते ती परत येईलच असे नाही. परवाना फेब्रुवारीत मिळाला तर मी नारळ ऑक्टोबरला फोडीन. घरातले कोणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

आता बांधकाम. इथे एक सोपी युक्ती सांगतो. प्रत्येक वस्तूचा दर किती, हे विचारण्याआधी ती वस्तू किती लागते ते काढायचे. मग दर थोडा हलला तर आपले किती रुपये हलतात ते दिसते.

काँक्रीटच्या सांगाड्याच्या घरात चौरस फुटाला ढोबळमानाने सिमेंटची ०.४ पिशवी आणि साडेतीन ते चार किलो सळ्या धरतात. आपल्या ८६१ फुटांना सुमारे ३४५ पिशव्या आणि तीन टनांच्या थोड्या वर लोखंड. पिशवीमागे २० रुपये वाचवले तर वाचतात सात हजार. लोखंडात किलोमागे ५ रुपये वाढले तर सोळा हजार. २२ सप्टेंबर २०२५पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. पिशवी आधी समजा ३८० रुपयांना होती आणि सगळी सूट आपल्यापर्यंत पोचली, तर ३४५ पिशव्यांवर दहा हजार. पेपरात मथळा मोठा होता, घराच्या खर्चात अर्धा टक्का.

मग चिरे. आपल्याकडे खरे घर चिऱ्याचे. खाणीप्रमाणे माप बदलते. समजा चिरा १४ इंच लांब आणि ७ इंच उंच, सांध्यात अर्धा इंच माल. एक चिरा पाऊण चौरस फूट भिंत व्यापतो. घराचा बाहेरचा घेर ३६ मीटर, आतल्या भिंती २२ मीटर धरल्या तर ५८ मीटर लांबी, ३ मीटर उंची, दारे-खिडक्या वजा जाता १४४ चौरस मीटर भिंत. दोन हजारांहून थोडे जास्त चिरे. फुटणारे धरून बावीसशे सांगा, पाया आणि जोत्याचे वेगळे. चिऱ्यामागे पाच रुपये इकडेतिकडे झाले तर दहा-अकरा हजार हलतात.

म्हणजे दरावर घासाघीस करून पाच-दहा हजार मिळतात. घराचा आकार बदलला तर किती? तेच ८० चौरस मीटर ५ बाय १६मध्ये बसवले तर बाहेरचा घेर ३६ऐवजी ४२ मीटर होतो. सहा मीटर भिंत, दोन्ही बाजूंचा गिलावा, दोन्ही बाजूंचा रंग, खालचा पाया, वरचा बीम, सगळे वाढते आणि राहायला एक इंच जास्त मिळत नाही. मासिकातले चित्र पाहून घराला चार कोपऱ्यांऐवजी दहा कोपरे काढणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. चौकोनी घर कंटाळवाणे दिसते म्हणतात. दिसू दे.

एकमजली घराला कॉलम हवेतच का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. नऊ इंची चिऱ्याची भिंत एका मजल्याचा भार सहज घेते. जोत्याच्या पातळीवर एक आणि दारांच्या वर एक असे काँक्रीटचे सलग पट्टे घातले की भिंती एकमेकींना धरून राहतात. आमच्या आजोबांच्या घराला तेवढेही नव्हते. पण पुढे मुलगा वर मजला चढवील, या आशेने लोक आठ-दहा कॉलम उभे करतात आणि स्लॅबच्या वर सळ्यांचे टोकदार गुच्छ ठेवून देतात. अर्ध्या गावाच्या गच्चीवर ते पंधरा-पंधरा वर्षे गंजत आहेत. मजला खरोखर होणार असेल तर कॉलम योग्यच. आशेपुरता असेल तर इंजिनीअरकडून दोन्ही आराखड्यांचा खर्च मागून घ्या. जागा मऊ असेल, शेताच्या कडेची, खाजनाजवळची (खाडीकाठच्या सखल शेतीजवळची), तर हा प्रश्न तोच निकालात काढील; तिथे पायाच वेगळा लागतो. जांभ्या कातळावर मात्र पाया स्वस्तात होतो, फक्त तो खणताना मजूर तुमच्या नावाने काय काय बोलतात ते ऐकायचे नाही.

जोते किती वर घ्यायचे यावर घरात भांडण होते. शेजाऱ्यापेक्षा वर हवे, हे कोणी उघड म्हणत नाही. एक फूट जास्त घेतले तर ८० चौरस मीटरखाली २४ घनमीटर दाबलेला भराव लागतो, म्हणजे सैल माती तीसच्या आसपास, शिवाय भोवतीचे चिरे आणि दारात दोन पायऱ्या. रस्ता दर पाच-सात वर्षांनी डांबराच्या थरांनी वर येतो हे खरे आहे, म्हणून थोडे वर घ्यावे. पण आजीच्या गुडघ्यांनाही मत द्यावे.

आणि वाट. टिपर भूखंडापर्यंत येतो का? वाड्यावरच्या पाणंदीतून तीनचाकीच जात असेल, तर चिरे, रेती, खडी, सिमेंट सगळे रस्त्यावर उतरवून पुन्हा वाहायचे. बावीसशे चिरे माणसांनी डोक्यावरून नेण्याची मजुरी वेगळी. रेतीची तर निराळीच कथा. गोव्यातल्या नद्यांतून रेती काढण्यावर परवान्यांचे आणि न्यायालयाच्या आदेशांचे निर्बंध आहेत, त्यामुळे ती कधी मिळते, कधी मिळत नाही, आणि रात्री स्वस्त मिळाली तर ती कुठली असेल हे सांगायला नको. खाऱ्या पाण्याजवळची रेती सळ्यांना खाते. खाणीच्या दगडाची कुटलेली रेती आता बहुतेकजण काँक्रीटला वापरतात, ते चांगले.

आता छपराकडे येऊ. गोव्यात लहान घराच्या खर्चात सर्वांत जास्त डोके इथे चालवावे, असे माझे मत आहे, आणि सर्वांत कमी चालवले जाते ते इथेच.

सपाट स्लॅब ५ इंचांचा धरला तर जोत्याएवढ्याच भागात १० घनमीटर काँक्रीट होते, म्हणजे ८० पिशव्या सिमेंट आणि ८०० किलो ते एक टन सळ्या. स्लॅब पडला की घर झाले असे वाटते, पेढे वाटले जातात. तीन पावसाळ्यांनंतर पहिला ओला डाग दिसतो. मग वॉटरप्रूफिंग. मग त्यावर पुन्हा वॉटरप्रूफिंग. शेवटी लोखंडी पाइप उभे करून वर पत्रे किंवा कौले. म्हणजे एका घराला दोन छपरे, दुसरे छप्पर दहा वर्षांनंतरच्या दराने. तुमच्या गावात पाहा, पत्र्याची टोपी घातलेले स्लॅब किती दिसतात.

'हे छप्पर आधीच दरात धर,' असे आम्ही आमच्या गवंड्याला सांगितले. तो हसून म्हणाला, "बाब, स्लॅब म्हजो, नळे तुमचे." स्लॅब माझा, कौले तुमची. प्रामाणिक माणूस होता. बहुतेक ठेक्यांत हीच वाटणी असते, फक्त कोणी बोलून दाखवत नाही.

कौलांचे गणित करू. जोते ८ बाय १०, वळचण चारही बाजूंनी पाऊण मीटर, झाले ९.५ बाय ११.५. वरून पाहिले तर १०९ चौरस मीटर. छपराला २५ अंशांचा उतार दिला की प्रत्यक्ष पृष्ठभाग १२० चौरस मीटर. घर ८०चे, छप्पर १२०चे! मंगळुरी कौले चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात, म्हणजे अठराशे, शिवाय कोन्याची वेगळी. खाली लाकूड की लोखंडी पाइप? नवे सागवान परवडत नाही आणि परवडले तरी वाळवी वाटच पाहत असते. पाइपला दोन हात प्राइमर मारून घ्या, आणि मारताना समोर उभे राहा.

तीन वाटा आहेत. निव्वळ कौलारू छप्पर, स्लॅब नाही. सर्वांत स्वस्त आणि मे महिन्यात सर्वांत थंड, पण चोरांची, माकडांची आणि सासूबाईंच्या 'स्लॅब नाही?' या प्रश्नाची तयारी हवी. दुसरी, उतरता स्लॅब आणि त्यावरच कौले. सेंट्रिंग अवघड, मजुरी जास्त, पण पाणी थांबतच नाही. तिसरी, सपाट स्लॅब आणि वर पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर. माळा वाळवणाला मिळतो, कोकमे-आमसुले, पापड, पावसात कपडे. मी तिसरीला नावे ठेवत नाही. तो खर्च पहिल्या दिवशी कागदावर लिहा, एवढेच. न्हाणी आणि स्वयंपाकघर एवढ्याच भागावर स्लॅब घालून टाकी तिथे ठेवायची आणि बाकी घर कौलारू, असे एक घर मी फोंड्याकडे पाहिले. मला ते सर्वांत शहाणपणाचे वाटले.

खिडक्या, दारे, लाद्या, विजेची फिटिंग, नळ, रंग. यांच्याबद्दल इतकेच की गवंड्याचा दर संपतो आणि तुमची निवड सुरू होते ती इथे, म्हणून अंदाज नेहमी इथेच फुटतो. ठेक्यात 'लाद्या चौरस फुटाला अमुक रुपयांपर्यंत', 'खिडकी अमुक मापाची, अमुक धातूची' असे लिहून घ्यावे. 'चांगल्या प्रतीच्या' या शब्दाला किंमत नसते.

भिंतींच्या बाहेर पाहू. २२४ चौरस मीटरच्या त्या १४ बाय १६च्या भूखंडाला ६० मीटर कुंपण. फाटकाचे ३ मीटर सोडून १.२ मीटर उंच चिऱ्याची भिंत घातली तर ६८ चौरस मीटर होते. घराच्या सगळ्या भिंती १४४ होत्या. निम्मे घर आपण कुंपणात घालतो! पहिली चार-पाच वर्षे जुनी निवडुंगाची वंय (कुंपण) राहू द्यावी, कोणी चोरून नेत नाही.

सांडपाणी आणि विहीर एकत्र विचारात घ्यावी लागतात. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर दूर हवा. आपला भूखंड कर्णावर मोजला तरी २१ मीटर. म्हणजे एका टोकाला विहीर आणि दुसऱ्या टोकाला शोषखड्डा, आणि तेही शेजाऱ्याची विहीर कुठे आहे ते पाहून. जांभा सच्छिद्र असतो. वरचे पाणी तो फार गाळत बसत नाही. लहान भूखंडावर मी विहिरीचा हट्ट सोडून नळजोडणी घेईन. विहीर किंवा बोअर घ्यायचीच असेल तर २००२च्या भूजल कायद्याखाली परवानगी लागते. बांधकामाला लागणारे पाणी वेगळे. ते टँकरने आणायचे असेल तर काँक्रीट आणि गिलाव्याला आठ-दहा दिवस रोज पाणी मारावे लागते हे धरून खर्च काढा. पाणी मारण्यात काटकसर केलेला स्लॅब मी आधी वर्णन केलाच आहे.

शेवटी कागद पुन्हा येतात. घर बांधून झाले की पूर्णत्वाचा आणि राहण्याचा दाखला, त्यावर पंचायतीचा घर क्रमांक, घरपट्टी, आणि मग वीज-पाण्याच्या कायम जोडण्या. दारापुढचा सोपा परवान्यात दाखवल्यापेक्षा चार फूट पुढे गेला असेल तर तो हिशेब इथे होतो. बांधकामाच्या काळातली तात्पुरती वीज महाग असते, म्हणून दाखला लांबला की तेही बिल लांबते.

पैसे कसे उभे करायचे? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा त्यात धरत नाही. शिवाय बँक हप्त्याहप्त्याने देते : जोते झाल्यावर इतके, स्लॅबनंतर इतके. पहिले पैसे नेहमी आपलेच जातात. २५ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षे घेतले तर महिन्याचा हप्ता २१,७००च्या जवळपास आणि एकूण परतफेड ५२ लाख. हे पाहिले की घर टप्प्याटप्प्याने बांधणारे आमचे वडील कंजूष वाटत नाहीत. प्रधानमंत्री आवास योजनेत, ग्रामीण भागात, सपाट प्रदेशात १ लाख २० हजार मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे हवे. आपल्या २,४००च्या दराने तेवढ्या घराला साडेसहा लाखांच्या जवळ लागतात. मदत म्हणून ठीक, घर म्हणून नाही.

ठेका सामानासकट द्यायचा की मजुरीचा? नोंदणी असलेल्या ठेकेदाराला सामानासकट दिला तर १८ टक्के जीएसटी बिलात येतो. एकट्या राहत्या घराचा निव्वळ मजुरीचा ठेका जीएसटीतून मुक्त आहे. सामान आपण आणले की त्यावरचा कर आपण भरतोच, पण मजुरीवरचा वाचतो. त्या बदल्यात रोज सकाळी साडेसातला जागेवर हजर राहायला घरातले एक माणूस लागते. आमच्याकडे निवृत्त काका होते. ज्यांच्याकडे काका नाहीत त्यांनी सामानासकट द्यावा आणि झोपावे.

ठेका कोणताही असो, कागदावर लिहा. मोजणी जोत्याची की स्लॅबची, कौले कोणाची, सेप्टिक टाकी आत की बाहेर, भराव कोणाचा, पाणी कोणाचे, पाडकामाचा कचरा कोण नेणार. पैसे कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना बांधू नका. तारखेला पैसे घेऊन टोळी होळीला गावी गेली तर शिमगा आपल्या घरी होतो. आणि शेवटचे पाच टक्के हातात ठेवा. मेमध्ये घर पुरे झाले, वास्तुशांत झाली, तरी ते पाच टक्के चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) द्यायचे असे आधीच ठरवा. तोपर्यंत जून आणि जुलै छपरावरून गेलेले असतात, आणि कुठल्या खोलीत बालदी ठेवावी लागते ते गवंड्याला बोलावून दाखवता येते.